फावल्या वेळचा इतिहास : नागपूर परिसरातील हौशी संशोधनाची परंपरा

‘हौशी’ हे विशेषण आपल्या विद्यापीठीय व्यवहारात काहीसे कमीपणा दाखवणारे झाले आहे. आपल्या गावाचा, पेठेचा किंवा एखाद्या घराण्याचा इतिहास स्वखर्चाने जमवणारा मनुष्य चर्चासत्रात शेवटच्या रांगेत बसतो, आणि त्याच्या वहीतील माहिती आपल्या प्रबंधात आली तरी त्याचे नाव ऋणनिर्देशाच्या पलीकडे जात नाही. परंतु नागपूर आणि वऱ्हाड यांच्या इतिहासाची जी साधने आज आपण आधारभूत मानतो, ती प्रथम कोणी जमवली, हा प्रश्न विचारला तर उत्तर विचार करायला लावणारे आहे. एक ख्रिस्ती धर्मोपदेशक, एक सरकारी अधिकारी, दोन वकील आणि संस्कृत शिकवणारे एक प्राध्यापक अशी ही नामावली आहे. यांपैकी एकाचाही चरितार्थ इतिहासावर चालत नव्हता.

या परंपरेचा गौरव करणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. या मंडळींनी जे लिहिले त्यातील काय टिकले आणि काय गळून गेले, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरेल. माझे म्हणणे असे की, त्यांचे निष्कर्ष पुष्कळदा बदलले. परंतु वस्तू कोठे मिळाली, मजकूर कोणाकडून ऐकला, पोथी कोणाच्या घरी होती, या साध्या नोंदी अबाधित राहिल्या. जेथे या नोंदी झाल्या नाहीत, तेथे नंतरच्या मोठ्या विद्वत्तेलाही ती उणीव पूर्णपणे भरून काढता आलेली नाही.

प्रथम स्टीफन हिस्लॉप यांचे उदाहरण घेऊ. हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आले. तेव्हा येथे तिसरे रघूजी भोसले यांचे राज्य होते. शाळा चालवणे आणि धर्मोपदेश करणे ही त्यांची नियत कामे. उरलेल्या वेळात ते खडक, जीवाश्म, शिलावर्तुळे आणि गोंड समाजाच्या कथा जमवीत. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील शिलावर्तुळांचे उत्खनन पाहून परत येताना पुराने फुगलेल्या ओढ्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे कागद सर रिचर्ड टेम्पल यांनी १८६६ मध्ये संपादित करून छापले. मध्य प्रांतातील आदिवासींविषयीच्या त्या कागदांत परधान गायकांच्या परंपरेतील लिंगोची दीर्घ गीतकथा आहे, आणि ती मूळ गोंडी शब्दांसह दिलेली आहे.

साहित्याच्या अभ्यासकांनी या ठिकाणी थांबून पाहण्यासारखे काही आहे. १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जेम्स फॉर्सिथ यांच्या मध्य भारतातील डोंगराळ प्रदेशावरील पुस्तकात याच कथेचे इंग्रजी पद्यरूप आहे. अमेरिकन कवी लाँगफेलो यांच्या ‘हायवॉथा’ या काव्याची धाटणी त्याला दिलेली आहे. तत्कालीन इंग्रज वाचकाला ते रूप अधिक वाचनीय वाटले असेल. आज गोंडी मौखिक परंपरेचा अभ्यास करणाऱ्याला मात्र हिस्लॉप यांच्या कागदांकडेच जावे लागते, कारण तेथे गायकाच्या तोंडचे शब्द आहेत. गोंडांच्या मूलस्थानाविषयी व वंशाविषयी त्या काळी मांडलेल्या कल्पना केव्हाच मागे पडल्या. शब्द उतरवून घेण्याचे काम तेवढे शिल्लक राहिले. टाकळघाटच्या बाबतीतही हेच घडले. त्यांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १९६८-६९ मध्ये, नागपूर विद्यापीठाच्या वतीने डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट आणि खापा येथे रीतसर उत्खनन केले आणि विदर्भातील महापाषाणीय संस्कृतीचे चित्र स्पष्ट होऊ लागले.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे काम एतद्देशीयांच्या हाती आले. रायबहादूर हिरालाल हे मध्य प्रांताच्या सरकारी सेवेतील अधिकारी. गावोगावी जाणे हा त्यांच्या नोकरीचा भाग होता. त्या भ्रमंतीत त्यांनी शिलालेख व ताम्रपट यांची माहिती संकलित केली. मध्य प्रांत व वऱ्हाडातील कोरीव लेखांची त्यांची वर्णनात्मक सूची १९१६ मध्ये नागपूरला प्रसिद्ध झाली. अशी सूची वाचनाचा आनंद देत नाही. ‘अमुक तहसील, अमुक गाव, देवळाच्या अमुक बाजूस लेख, अक्षरे झिजलेली’ असे तिचे स्वरूप असते. पण पुढील पिढीचे सर्व काम अशा याद्यांच्या पायावर उभे राहते.

बुलढाण्यास वकिली करणारे यादव माधव काळे यांनी १९२४ मध्ये ‘वऱ्हाडचा इतिहास’ आणि १९३४ मध्ये ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ हे दोन ग्रंथ मराठीत दिले. तोवर मराठ्यांचा इतिहास म्हणजे पुणे-सातारा आणि पेशवे-छत्रपती यांचा इतिहास, अशी सर्वसाधारण समजूत होती. नागपूरकर भोसले त्यात बंगालवरील स्वाऱ्यांपुरते आणि पेशव्यांशी झालेल्या कलहापुरते डोकावत. काळे यांनी या प्रांताला स्वतःच्या कालक्रमासह उभे केले. १८५३ मध्ये तिसऱ्या रघूजींच्या निधनानंतर डलहौसीने हे राज्य खालसा केले, १८६४ मध्ये महालातील भोसल्यांचा राजवाडा जळाला. ज्या शहरात सत्तेबरोबर सत्तेचे घरही नाहीसे झाले, तेथे साधने जमवणे किती बिकट असेल, याची कल्पना करता येते.

यवतमाळचे यशवंत खुशाल देशपांडे हेही वकील. त्यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ १९२५ चा. महानुभावांच्या पोथ्या सांकेतिक लिपीत बंद होत्या. वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केल्यानंतर ते भांडार अभ्यासकांना खुले होऊ लागले. तरीही महंतांचा विश्वास संपादन करून मठातील पोथी पाहावयास मिळवणे ही वेगळीच तपश्चर्या होती, आणि ती जवळ राहणाऱ्या माणसालाच शक्य होती. पुण्याहून आठ दिवसांसाठी येणाऱ्या विद्वानापुढे मठाचे कपाट उघडत नाही. वर्षानुवर्षे ये-जा असणाऱ्या, घरच्या माणसासारख्या झालेल्या वकीलसाहेबांपुढे ते उघडते. स्थानिक संशोधकाचे खरे भांडवल हे असे असते, आणि ते कोणत्याही पद्धतिशास्त्राच्या पुस्तकात मिळत नाही.

महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे नाव ‘हौशी’ या सदरात घालणे अनेकांना खटकेल. परंतु त्यांची अध्यापकाची खुर्ची संस्कृतची होती, हे विसरता येत नाही. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात काव्य-नाटके शिकवता शिकवता ते कोरीव लेखांकडे वळले. कलचुरी राजांच्या लेखांचा त्यांचा महाग्रंथ १९५५ मध्ये आणि वाकाटकांच्या लेखांचा १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजे वर्धा जिल्ह्यातील पवनार, असे मत त्यांनी मांडले होते. १९९७-९८ पासून रामटेकजवळच्या मनसर येथे जे उत्खनन झाले, त्यानंतर प्रवरपूर मनसरलाच असावे असे अनेक अभ्यासक मानू लागले. म्हणजे निष्कर्ष वादग्रस्त ठरला. पण ज्या कोणाला मिराशींचे मत खोडायचे असेल त्यालाही मिराशींनीच लावलेली ताम्रपटांची वाचने, त्यांनीच नोंदवलेली सापडण्याची स्थळे आणि त्यांनीच केलेली गावांची ओळख हाती घ्यावी लागते. स्वतःच्या प्रतिवादाची साधने वाचकाच्या हाती ठेवून जाणे, हे चांगल्या संशोधनाचे लक्षण मानले पाहिजे.

याच्या उलट उदाहरणही वाकाटकांच्याच इतिहासात आहे. प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या आणि वाकाटकांची राणी. तिने नंदिवर्धनाहून, म्हणजे आजच्या नगरधनहून, दिलेला एक ताम्रपट गुप्त आणि वाकाटक या दोन घराण्यांतील संबंधाचा बिनतोड पुरावा आहे. तो ‘पुणे ताम्रपट’ म्हणून ओळखला जातो, कारण तो अभ्यासकांना एका तांबटाच्या घराण्याकडे मिळाला. विदर्भातील राणीचे दानपत्र तांबटाच्या घरी केव्हा आणि कोणत्या वाटेने गेले? मूळ कोणत्या शेतात, कोणत्या देवळात ते होते? दान दिलेल्या गावाची ओळख पटवताना आज जी अडचण येते, तिचे एक कारण हे आहे. लेखातील अक्षर न् अक्षर वाचले गेले आहे. लेख जेथून निघाला ती जागा मात्र हातून गेली. याच्याशी १९३९ मध्ये वाशीमला उजेडात आलेल्या ताम्रपटाची तुलना करावी. तो वाशीमलाच मिळाला आणि त्याची वार्ता विद्वानांपर्यंत पोहोचवण्यात य. खु. देशपांडे यांच्यासारखे जवळचे अभ्यासक होते. प्राचीन वत्सगुल्म, म्हणजे वाशीम, येथे वाकाटकांची स्वतंत्र शाखा राज्य करीत होती, हे त्या पटाने निश्चित केले.

‘कोठे’ आणि ‘कोणाकडून’ हे दोन प्रश्न विचारण्याची शिस्त आपण इंग्रजांकडून शिकलो, असे म्हणण्याची प्रथा आहे. मराठीच्या विद्यार्थ्याने ते सहजासहजी मान्य करू नये. आपल्या गद्याचा आरंभच या प्रश्नांनी झाला आहे. चक्रधरांच्या लीळा जमवताना म्हाइंभटांनी ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन विचारपूस केली आणि नागदेवाचार्यांकडून ते साहित्य पारखून घेतले. पुढे मूळ प्रत हरवल्यावर ग्रंथ स्मरणातून पुन्हा सिद्ध करावा लागला, असे परंपरा सांगते. त्या वेळी एकाच्या आठवणीत एक तपशील, दुसऱ्याच्या आठवणीत वेगळा, असे झाले. तेव्हा हे भेद पुसून एकजिनसी मजकूर करण्याऐवजी ते त्या त्या व्यक्तीच्या नावाने राखले गेले. चौदाव्या शतकातील ‘स्थानपोथी’ तर यापुढे जाते. चक्रधर ज्या ज्या ठिकाणी राहिले, बसले, त्या जागांची ही नोंदवही आहे. देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, त्याच्या कोणत्या अंगाला काय आहे, असे तपशील तिच्यात आहेत. तिचा हेतू भक्तीचा होता. तिची रीत मात्र स्थलाभ्यासकाची आहे.

हे ग्रंथ आधुनिक वाचकापर्यंत आले तेही नागपूरच्याच वाटेने. ‘लीळाचरित्रा’ची पहिली मुद्रित आवृत्ती ह. ना. नेने यांनी १९३६-३७ पासून भागाभागाने नागपूरला काढली. डॉ. वि. भि. कोलते यांनी आयुष्याचा मोठा भाग पोथ्यांच्या ताडणीत घालवून १९७८ मध्ये या ग्रंथाची संपादित आवृत्ती सिद्ध केली. ‘स्थानपोथी’चे संपादनही त्यांचेच. एम. ए. च्या वर्गात ‘लीळाचरित्र’ आपण भाषेच्या लालित्यासाठी आणि व्यक्तिदर्शनासाठी शिकवतो. साधनचिकित्सेचा आद्य मराठी नमुना म्हणूनही ते शिकवता येईल, इकडे लक्ष वेधावेसे वाटते.

आता हौशी इतिहासाच्या दुखऱ्या बाजूकडे वळू. आपल्या गावावरील प्रेम हे या लेखनाचे इंधन असते, आणि तेच त्याला आडवाटेलाही नेते. नागपूरच्या स्थापनेचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने १७०२ मध्ये नागपूर वसवले, असे सर्वत्र सांगितले जाते. २००२ मध्ये शहराची त्रिशताब्दीही साजरी झाली. दुसरीकडे, वर्धा जिल्ह्यातील देवळी येथे मिळालेल्या राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या शके ८६२, म्हणजे इ. स. ९४०, च्या ताम्रपटात ‘नागपुर-नंदिवर्धन’ या विषयाचा, म्हणजे प्रशासकीय विभागाचा, उल्लेख आहे. या एका शब्दाच्या आधाराने शहराचे वय एकदम आठशे वर्षांनी वाढवण्याचा मोह अनेकांना होतो. तो ताम्रपट एवढेच सांगतो की, दहाव्या शतकात या टापूत नागपूर नावाचे ठिकाण होते. ते आजच्या महालात होते, त्याला तट होता, ते मोठे नगर होते, असे तो सांगत नाही. बख्त बुलंदाने ओसाड माळावर नवे नाव देऊन गाव वसवले, या समजुतीलाही तो तडा देतो. दोन्ही विधाने आपापल्या मर्यादेत ठेवणे हे कंटाळवाणे काम आहे, आणि स्मरणिकांच्या संपादकांना ते आवडत नाही. विशेषतः गोंड राजाचे श्रेय वाढवणे किंवा कमी करणे यामागे आजचे हेतू शिरू लागतात, तेव्हा ताम्रपट काय म्हणतो आणि काय म्हणत नाही, हे सांगणारा माणूस दोन्ही बाजूंना नकोसा होतो. तरीही त्याने ते सांगितले पाहिजे.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. वकील, अधिकारी आणि प्राध्यापक यांनी लिहिलेल्या इतिहासात राजे, दानपत्रे, मठ आणि किल्ले आले. कोष्ट्यांचे माग, गिरणीचे भोंगे आणि अस्पृश्य वस्त्या त्यात आल्या नाहीत. १८७७ मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलने नागपूरच्या जीवनाला कसे वळण दिले, हे सांगणारी साधने राजदप्तरात नव्हती. ही उणीव वसंत मून यांच्यासारख्या माणसाने भरून काढली. तेही सरकारी नोकरीत होते, म्हणजे याच परंपरेतील फावल्या वेळचे संशोधक. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन-भाषणांच्या खंडांचे संपादक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. परंतु मध्य प्रांत-वऱ्हाडातील आंबेडकरपूर्व दलित चळवळीचा त्यांनी घेतलेला शोध हे स्थानिक इतिहासाचे महत्त्वाचे काम आहे. किसन फागोजी बनसोडे यांनी चालवलेल्या ‘मजूर पत्रिका’, ‘चोखामेळा’ यांसारख्या पत्रांचे अंक आज दुर्मीळ आहेत. जी चळवळ अशा अल्पजीवी पत्रांतून, पत्रकांतून आणि सभांच्या वृत्तांतांतून वावरली, तिचा शोध जुनी कपाटे आणि वृद्धांच्या आठवणी धुंडाळूनच घ्यावा लागतो.

१९९५ मध्ये प्रसिद्ध झालेले मून यांचे ‘वस्ती’ आपण दलित आत्मकथन म्हणून वाचतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याचे शीर्षक व्यक्तीचे नाही, जागेचे आहे. नागपूरच्या एका महार वस्तीतील घरे, आखाडे, भजने, सभा, शाळा आणि माणसे यांचे जे तपशील त्यात आहेत, ते अन्य कोणत्याही दप्तरात नाहीत. युरोपात ‘सूक्ष्म इतिहास’ या नावाने जे लेखन गाजले, त्याची येथे आठवण होते. कार्लो गिन्झबर्ग यांनी सोळाव्या शतकातील एका इटालियन गिरणीवाल्याच्या विचारविश्वावर लिहिलेला ग्रंथ १९७६ चा. त्यांना धर्मन्यायालयाने नोंदवून ठेवलेल्या जबान्या उपलब्ध होत्या. आपल्याकडील वस्तीतल्या माणसाची जबानी कोणी लिहून ठेवलेली नसते. म्हणून मून यांना साधन निर्माण करणे आणि त्याचा अर्थ लावणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागली. आत्मकथन आणि स्थानिक इतिहास यांच्यातील सीमारेषा मराठी समीक्षेने या दृष्टीने पुन्हा तपासली पाहिजे.

या सर्व विवेचनाचा आजच्या अध्यापनाशी काय संबंध, असे विचारले जाईल. महाल, इतवारी या भागांतील जुने वाडे पडून तेथे बहुमजली इमारती उभ्या राहत आहेत. वाडा पडताना माळ्यावरच्या पेट्यांतील वह्या, पत्रे, लग्नपत्रिका, नाट्यमंडळांची हस्तपत्रके आणि मासिकांचे अंक रद्दीच्या दुकानात जातात. एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद झाली. तिचा भोंगा ऐकून घड्याळ लावणारी पिढी आता वृद्ध आहे. शहर वाढत आहे तसतशी माहुरझरी, जुनापाणी यांसारखी शिलावर्तुळांची ठिकाणे वस्तीच्या अधिकाधिक जवळ येत आहेत. यातील प्रत्येक गोष्टीसाठी शासनाने किंवा विद्यापीठाने योजना आखावी, ही मागणी रास्त आहे. पण योजनेची वाट पाहून हिरालाल किंवा देशपांडे यांनी काम केले असते, तर आपल्यापाशी आज काहीच नसते.

मराठी विभागांच्या हाती एक गोष्ट आहे. एम. ए. च्या विद्यार्थ्यांना लघुप्रबंधासाठी आपण त्याच त्या दहा-बारा कादंबऱ्यांचे विषय देतो. त्याऐवजी काही विद्यार्थ्यांना आपापल्या गावातील वाचनालयाची जुनी नोंदवही, शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, एखाद्या झाडीपट्टी नाटक मंडळीची हस्तलिखिते, आजीच्या ओव्यांची वही असे साधन द्यावे. मार्गदर्शकाने त्यांच्याकडून सिद्धांताची अपेक्षा करू नये. साधनाचे वर्णन, ते कोणाकडे आहे, त्या घरात कसे आले, किती पाने आहेत, कोणती गहाळ आहेत, कोणत्या तारखेला पाहिले, ज्यांनी सांगितले त्यांचे वय काय आणि त्यांनी स्वतः पाहिले की ऐकले, एवढे नीट लिहिले तरी पुरे. सांगणाऱ्याच्या संमतीने त्याचे शब्द त्याच्याच बोलीत उतरवावेत. त्यांना प्रमाण मराठीचा पोशाख चढवू नये. दोन माणसांनी दोन गोष्टी सांगितल्या तर दोन्ही ठेवाव्यात.

असा लघुप्रबंध गुणांच्या तक्त्यात कोठे बसवायचा, ही अडचण खरी आहे. परीक्षकाला त्यात ‘मौलिक निष्कर्ष’ सापडणार नाहीत. पण विद्यापीठाच्या ग्रंथालयात धूळ खात पडलेल्या शेकडो प्रबंधांपैकी पन्नास वर्षांनंतर कोणता उघडला जाईल, याचा विचार केला तर उत्तर फारसे अवघड नाही. एखाद्या कादंबरीवरील आपले मत तोपर्यंत शिळे झालेले असेल. पाडलेल्या वाड्यातील वहीची नोंद मात्र दुसरीकडे कोठेच मिळणार नाही.